परसातील कोंबड्यांची निवड

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले कुंभकोणम् देवळांसाठी प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे दीर्घकाळ तंजावरच्या या मुलखावर भोसल्यांचे राज्य होते. त्यामुळे मराठी मनाला तो परका वाटत नाही. गावाबाहेर पडताच भाताची शेते लागतात. सुगीत खळ्यावर सांडलेले दाणे, घरातला कोंडा आणि ओल्या मातीतील किडे यांवर परसातल्या चार-दहा कोंबड्या पोसल्या जातात. त्यांची निगा बहुधा घरातील स्त्रीच राखते. अंडी विकून येणारे पैसे थोडेच असतात. पण मुलाची वही किंवा आजाऱ्याचे औषध त्यांतूनच निभावते.

अशा परसात कोंबड्यांची निवड कोणी करीत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती सतत होत असते, आणि ती उलट्या दिशेने होते. आडी महिन्यात ग्रामदेवतेचा उत्सव आला की सर्वांत देखणा कोंबडा बळी जातो. व्यापारी दारी आला की सर्वांत वजनदार पक्षी उचलतो. मागे उरतो तो खुरटलेला, कोणाच्या नजरेत न भरलेला कोंबडा; आणि पुढच्या सर्व पिलांचा बाप तोच होतो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. म्हणजे प्रत्येक पिलाला निम्मा वारसा या एकाच पक्ष्याकडून मिळतो. कळपाचा कस उतरतो तो असा.

यावर उपाय साधा आहे. उत्सवापूर्वीच उत्तम कोंबड्याच्या पायात दोरा बांधून तो पैदाशीसाठी राखून ठेवावा. मात्र उत्तम कोण, हे केवळ तुऱ्यावरून ठरत नाही. वजनाचा गुण पित्याकडून अपत्याकडे बऱ्याच अंशी उतरतो, म्हणून तो डोळ्यांनी पारखता येतो. अंड्यांच्या संख्येत आनुवंशिकतेचा वाटा कमी असतो. शिवाय कोंबडा अंडी घालीत नाही. त्याची पारख त्याच्या आईवरून आणि बहिणींवरून करावी लागते. त्यासाठी कोणत्या कोंबडीने किती अंडी दिली, याच्या रेघा भिंतीवर कोळशाने ओढल्या तरी पुरे. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा लालबुंद व टवटवीत असतो, आणि शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात.

सर्वच गुण एकदम मिळत नाहीत. भरपूर अंडी देणारी व्हाइट लेगहॉर्न क्वचितच खुडूक होते. परंतु ज्या घरी उबवणी यंत्र नाही, तिथे २१ दिवस अंड्यांवर बसणारी आणि पिलांना घारीपासून जपणारी कोंबडी हेच मोठे धन आहे. म्हणून अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्यांबरोबर एक-दोन चांगल्या आया राखणे शहाणपणाचे. रंगही दुर्लक्षिण्याजोगा नाही. पांढरा पक्षी घारीच्या नजरेत लवकर भरतो; हैदराबादच्या संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराजा कोंबडी रंगीत आहे, ती काही उगाच नव्हे. मात्र अशा सुधारित संकरित पक्ष्यांच्या पिलांत तेच गुण तसेच उतरतील असे नाही. त्यामुळे पिले पुन्हा विकत आणावी लागतात. गावरान कळपाची सुधारणा मंद गतीने होते. परंतु ती घरातच राहते.

एकाच कोंबड्याच्या लेकी त्याच्याकडेच राहिल्या, तर वंश कमकुवत होतो. अंडी कमी फळतात आणि पिले अधिक मरतात. दर वर्षा-दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी कोंबड्याची अदलाबदल केल्यास हे टळते. आणि मानमोडीची लस वेळेवर टोचली नाही, तर वर्षानुवर्षांची निवड आठवड्यात नाहीशी होते, हेही विसरून चालत नाही.

या सुधारणेला भांडवल लागत नाही. लागतो तो एक कोंबडा न विकण्याचा निर्धार. हातातोंडाशी गाठ असलेल्या घरात तो सोपा नसतो. गिऱ्हाईक दारात पैसे मोजीत उभे असते आणि त्या पैशांची गरजही खरी असते. अशा वेळी दोन-चार घरांनी मिळून एक उत्तम कोंबडा राखला, तर त्याचा भार कोणा एकीवर पडत नाही आणि त्याचा वंश मात्र सर्वांच्या परसात नांदतो.