शोभेच्या दारूची हौस

दिवाळी सरली कीं न उडालेले फटाके सोलून त्यांतली दारू कागदावर जमविणारीं मुलें घरोघर दिसतात. या छंदाचा आरंभ असा होतो. बोटें व डोळे गमावण्याचे प्रसंगही येथेंच येतात. क्लोरेट व गंधक यांचें मिश्रण तर नुसत्या घर्षणानेंही पेटतें. इंग्लंडनें त्यावर १८९४ सालीं बंदी घातली. आपल्याकडे १८८४ च्या स्फोटक कायद्याखालीं परवान्यावांचून शोभेची दारू करणें गुन्हा आहे, आणि तें ठीकच. परंतु मुलाचें कुतूहल मारूं नये. तें रसायनशास्त्राकडे वळवावें. स्ट्रॉन्शियमनें ज्योत तांबडी, बेरियमनें हिरवी होते. निळा रंग मात्र मोठा हट्टी, कारण तो देणारा तांब्याचा क्षार फार उष्णतेंत टिकत नाहीं. इंग्लंडांतील किंबोल्टनच्या शाळेंत रसायनशास्त्र शिकविणारे पाद्री रोनल्ड लँकेस्टर यांनीं बाळपणींची हीच हौस अभ्यासानें वाढविली व १९६४ सालीं आतषबाजीचा कारखाना काढला.