नावाला लागलेला डाग

घरात मुलगा जन्मास आला म्हणजे बाराव्या दिवशी पाळण्याभोवती सुवासिनी जमतात, आत्या बाळाच्या कानात हळूच नाव सांगते आणि बाकीच्या तिच्या पाठीवर धपाटे घालतात. धर्मशास्त्राने मुलाला एक नव्हे, चार नावे सांगितली आहेत : कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथे व्यवहारातले. पहिली तीन पंचांग आणि पुरोहित मिळून ठरवितात. तेथे वादास जागा नाही. सारा घोळ होतो तो चौथ्यापाशी. कोणी एक नाव सुचवावे, ते कानाला गोड लागावे, अर्थही चांगला निघावा, आणि तेवढ्यात माजघरातून कोणी तरी म्हणावे, "अहो, हे नको. या नावाचा अमका होऊन गेला, ठाऊक आहे ना?" झाले! चांगल्या नावावर पाणी पडते.

हा आक्षेप पुष्कळदा खरा असतो आणि पुष्कळदा पोकळही असतो. एकाच्या दुष्कृत्याने त्याचे नाव कायमचे बाटते; दुसऱ्याचे कृत्य तितकेच काळे असूनही त्याच्या नावाला काजळीचा कणही चिकटत नाही. असे का व्हावे, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम एक गोष्ट बाजूस काढली पाहिजे. वाईट अर्थाचे नाव आणि वाईट आठवणीचे नाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिरडा अशी नावे आईबाप जाणूनबुजून ठेवीत. मुले जगत नसत. तेव्हा ज्याची कोणाला हाव सुटणार नाही, असे नाव दिले म्हणजे मृत्यूची नजर चुकेल, ही भाबडी आशा. या नावांमागे तिरस्कार नव्हे, भय आणि माया होती. आणि नाव धारण करणाऱ्यांनी त्या दगडाचे सोने केले. लोकमान्य टिळकांचे गुरू, गणिती विनायक लक्ष्मण छत्रे यांना सारा महाराष्ट्र केरूनाना म्हणूनच ओळखतो. त्या नावातला केर आज कोणाला दिसतो? धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा धोंडा या शब्दाचा अर्थ कोणी विचारला नाही. आणि पुण्यात तर मिठाईचा धंदा करणाऱ्या एका दगडूशेठांच्या नावाने प्रत्यक्ष गजाननच ओळखला जातो. अर्थाचा डाग असा पुसून जातो. आठवणीचा डाग पुसणे मात्र कठीण.

नजर चुकविण्याच्या याच चालीतून आणखी एक नाव निघाले. मुलगे दगावत असलेल्या घरात नवा मुलगा झाला, तर त्याचे नाक टोचून त्यात नथ घालीत आणि काही वर्षे त्याला मुलीसारखे वागवीत. अशा मुलाला नथू, नथूबा, नथुराम म्हणत. १९१० साली बारामतीस जन्मलेल्या एका मुलाचे असेच झाले. त्याच्या आधीचे मुलगे अर्भकावस्थेतच गेले होते. याचे ठेवलेले नाव रामचंद्र. पण नाकातल्या नथीमुळे घरात नथुराम पडले आणि तेच पुढे रूढ झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस, बिर्ला भवनाच्या आवारात, सायंप्रार्थनेस निघालेल्या महात्मा गांधींवर त्याने गोळ्या झाडल्या. एका मुलाचा जीव वाचावा म्हणून घातलेली नथ, तिच्यातून निघालेले नाव, आणि त्या नावाचा असा शेवट!

त्यानंतर मराठी घरात पाळण्याशी हे नाव उच्चारणे अवघड होऊन बसले. नथूबा नावाचे आजोबा कितीही सात्त्विक असोत, नातवाला त्यांचे नाव देताना घरच्यांची जीभ अडखळू लागली. पण याच घटनेची दुसरी बाजू पाहावी. या खुनाबद्दल अंबाल्याच्या तुरुंगात १५ नोव्हेंबर १९४९ रोजी दोघांना फाशी झाली. दुसऱ्याचे नाव होते नारायण. मग नारायण या नावाला डाग लागला काय? त्या नावाची मुले पुढेही घरोघर झाली, आणि कोणाच्या मनात तसली शंकाही आली नाही. इतकेच नव्हे, मारेकरी आपल्या मूळच्या रामचंद्र या नावाने वावरत असता, तर ते नाव तरी बाटले असते काय? नाही. कारण रामचंद्र नावाचा मनुष्य प्रत्येकाच्या आळीत होता. कोणाचा मामा रामचंद्र, कोणाचे हेडमास्तर रामचंद्र, आणि सर्वांच्या वर देवळातला रामचंद्र. इतक्या भल्या माणसांच्या गर्दीत एक खुनी बुडून गेला असता.

वर्म आहे ते येथे. नाव ही पुष्कळांच्या समाईक मालकीची विहीर आहे. विहीर मोठी आणि उपसा भरपूर असला, तर एखाद्याने टाकलेल्या घाणीने पाणी नासत नाही. पाणी थोडे आणि वापर कमी, अशी विहीर एकाच मनुष्याच्या हातून कायमची निकामी होते. नथुराम हे नाव महाराष्ट्रात होते, पण विरळ. राजस्थानात आणि हिंदी मुलखात ते पुष्कळ चालत असे. मुंबईस राहून हिंदी ग्रंथांचे प्रकाशन नावारूपास आणणारे जैन पंडित नाथूराम प्रेमी १९६० पर्यंत हयात होते. राजस्थानचे नाथूराम मिर्धा लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात मंत्री झाले. तिकडे या नावाने कोणाचा मार्ग अडविला नाही. नाव तेच, फरक केवळ विहिरीच्या आकाराचा. मात्र १९४८ साली महाराष्ट्रात नावापेक्षा आडनावाने आणि जातीनेच अधिक घात केला. ज्यांचा त्या कृत्याशी सुतराम संबंध नव्हता, अशांची घरे जळाली. आणि त्याच गोडसे आडनावाच्या एका वरसईच्या भटजींनी सत्तावन सालच्या बंडाचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन लिहून मराठीला 'माझा प्रवास' हा अपूर्व ग्रंथ देऊन ठेवला होता, याचे स्मरण त्या वेळी कोणास राहावे?

पेशवाईतही हाच न्याय दिसतो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याचे बोट राघोबादादांकडे आणि 'ध'चा 'मा' केल्याच्या आख्यायिकेने आनंदीबाईंकडे गेले. पण रघुनाथ हे रामाचे नाव; ते घरोघर राहिले. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले परांजपे रघुनाथच होते, आणि धोंडो केशवांनी आपल्या मुलाचे नाव रघुनाथ ठेवले. आनंदी या नावाची तर त्याहून नवलाची गोष्ट. त्या खुनाला शतक लोटते न लोटते तोच गोपाळराव जोशांनी यमुना या आपल्या बालवधूचे नाव लग्नात बदलून आनंदी ठेवले. ती १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाली. आज आनंदीबाई म्हटले की निम्म्या लोकांना प्रथम तीच आठवते.

याउलट घाशीराम. उत्तरेकडून पुण्यास आलेला हा गृहस्थ नाना फडणविसांच्या काळी शहराचा कोतवाल झाला. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. मराठी मुलखाला घाशीराम हे नाव परके. पुणेकरांनी आयुष्यात पाहिलेला घाशीराम बहुधा हा एकच. त्यामुळे त्याचे नाव म्हणजे जुलूम, असे समीकरण होऊन बसले. १८६३ साली त्याच्यावर पुस्तक झाले, १९७२ साली विजय तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आले आणि मराठीत या नावाचा पाळणा कायमचा बंद झाला. तिकडे छत्तीसगडात त्याच काळात गुरू घासीदास सतनाम पंथाचा उपदेश करीत होते. त्यांचे नाव आज बिलासपूरच्या विद्यापीठाला आहे.

हा नियम केवळ याच देशाचा नव्हे. जर्मन भाषेत आडोल्फ हे जुने, खानदानी नाव. त्याचा अर्थ थोर लांडगा. सतराव्या शतकात प्रॉटेस्टंट पंथासाठी लढता लढता पडलेला स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ याच्यामुळे त्याला वीरश्रीचे तेज चढले होते. १९४५ नंतर जर्मनीतील पाळण्यांतून ते जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांचे नाव आधीच ठेवून झाले होते, त्यांनी काय करावे? बव्हेरियात जोडे तयार करणारे एक आडोल्फ दासलर होते. त्यांना मित्रमंडळी 'आडी' म्हणत; १९४९ साली त्यांनी कंपनीला नाव दिले ते या लाडक्या नावातून आणि आडनावाच्या पहिल्या अक्षरांतून जुळविलेले : आडिडास. पण रशियाचा स्टालिन, किंवा हिटलरचाच प्रचारमंत्री गोबेल्स, यांचे नाव होते योसेफ. ते नाव कोणी टाकले नाही. कारण येशूच्या पालक पित्याचे ते नाव युरोपभर पसरलेले होते.

पुराणांतल्या नावांची तऱ्हा थोडी वेगळी. तेथे खलपुरुष ठरलेले असतात, तरी कवीच्या मनात आले तर तो निकाल फिरवू शकतो. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८६१ साली रावणपुत्र मेघनादाला आपल्या महाकाव्याचा नायक केले. पुढे १८९३ साली ढाक्याजवळच्या एका खेड्यात वादळी रात्री जन्मलेल्या एका मुलाचे नाव मेघनाथ ठेवले गेले. त्याने तरुणपणी ते आपण होऊन बदलले आणि मेघनाद केले. तेच ज्योतिर्भौतिकीचे विश्वविख्यात पंडित मेघनाद साहा. मराठीत शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' कादंबरीने १९६७ नंतर कर्णाला घराघरात नेऊन बसविले. बळीराजाला तर कवीचीही गरज लागली नाही. शास्त्राच्या लेखी तो असुर. पण इडा पिडा टळून बळीचे राज्य यावे, अशी प्रार्थना मराठी बायका दिवाळीत करीत आल्या आणि शेतकऱ्यालाच बळीराजा म्हणू लागल्या. बिचारा बिभीषण मात्र मधल्यामध्ये अडकला. रामायण त्याला धर्मनिष्ठ म्हणते, लोक घरभेदी म्हणतात. तरीही मराठवाड्याकडे हे नाव निःशंकपणे ठेवलेले आढळते. दुर्योधन नावाचे गृहस्थ तर ओडिशाच्या आणि कर्नाटकाच्या विधानसभांत निवडून गेले आहेत. त्यांना नावाबद्दल मतदारांनी जाब विचारल्याचे ऐकिवात नाही!

प्रांत बदलला की डागाचा रंगही बदलतो, हे अलीकडे मुंबईत दिसले. २०१६ च्या डिसेंबरात एका नामांकित चित्रपटकलावंत दांपत्याने आपल्या मुलाचे नाव तैमूर ठेवले. शब्दाचा अर्थ लोखंड. परंतु १३९८ च्या डिसेंबरात दिल्लीत कत्तल करणारा तैमूरलंग लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि काही दिवसांच्या तान्ह्या पोरावर देशभर वादाची राळ उडाली. उझबेकिस्तानात त्याच तैमुराचा अश्वारूढ पुतळा राजधानीच्या मध्यभागी आहे आणि तेथे तो राष्ट्रपुरुष मानला जातो. ताश्कंदच्या बापाला जे नाव अभिमानाचे, ते दिल्लीत जखमेवरची खपली काढणारे. दोघांपैकी कोणालाही खोटे ठरविता येत नाही. मात्र ज्या गावात मूल वाढावयाचे, त्या गावाची आठवण विचारात घ्यावी लागते, हे आईबापांनी विसरून चालत नाही. आणि मोठ्यांचा इतिहासाचा वाद ज्याला अजून मानही धरता येत नाही अशा जिवावर लोकांनी काढावा, हे तर त्याहून अशोभनीय.

समजा, एखाद्या घरात पणजोबांचे नाव असेच दुर्दैवी निघाले. पणजोबा कष्टाळू, शब्दाचे पक्के. त्यांनी घर उभे केले. आजीची इच्छा, त्यांचे नाव पणतवाने चालवावे. तिच्या दृष्टीने ते नाव म्हणजे तिचे सासरे, दुसरे कोणी नव्हे. एका परक्याच्या पापापायी आपल्या माणसाचे नाव का गाडून टाकावे, हा तिचा प्रश्न न्याय्य आहे. पण हजेरीपटावर ते नाव मोठ्याने वाचले जाईल तेव्हा वर्गात आजी नसेल. मुले निर्दय असतात असे नव्हे; त्यांना जे नाव धड्यात भेटले तेच ती बाकावर शोधतात. शिवाय मराठी रीतीप्रमाणे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येते, म्हणजे पाळण्यात घातलेले हे ओझे त्याच्या मुलांनाही पन्नास-साठ वर्षे प्रत्येक अर्जावर लिहावे लागणार. आजीची निष्ठा मोठी, पण तिची किंमत तिने मोजावयाची नाही, हेच या प्रकरणातले अवघड.

येथे धर्मशास्त्राची ती चार नावे कामास येतात. सगळी माया एकाच नावात कोंबावी, असा आग्रह जुन्यांनी कधी धरला नाही. पणजोबांचे नाव आत्याने कानात सांगावे, आजीने त्याच नावाने हाक मारावी, घरात ते नांदावे. आणि चव्हाट्यावर जाणारे नाव असे निवडावे, की ज्याची विहीर मोठी आहे. छत्र्यांचे केरूनाना आणि विनायक एकाच देहात सुखाने नांदलेच की!

शिवाय यात घाई करण्याचे कारण नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद बाळाच्या नावावाचूनही होते आणि पुढे बारा महिन्यांपर्यंत ते नाव फुकट घालता येते. विलंबशुल्क भरल्यास त्यानंतरही कित्येक वर्षे सवलत आहे. एवढ्या अवधीत आजीचीही समजूत निघते आणि सुनेचीही.