गोठ्यातली बातमी आधी कुणाला?

नाताळ आठवड्यावर आलाय. तुमच्यापैकी बऱ्याच जणी ख्रिस्ती नाहीत, पण गोठा आणि गव्हाण सगळ्यांच्या ओळखीची. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

येशूच्या जन्माची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. नावनोंदणीसाठी योसेफ आणि दिवस भरलेली मरीया बेथलेहेमला गेले. उतरायला जागा मिळाली नाही. बाळ झालं, तेव्हा मरीयेनं त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. आणि बातमी आधी कळली ती रानात रात्रभर कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. राजवाड्याला ती नंतर कळली. आम्ही मानतो की त्या बाळाच्या रूपानं देव स्वतः खाली उतरला आणि सगळ्यात शेवटी बसणाऱ्यांपाशी आधी पोचला.

हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण गटाची अध्यक्ष झाल्यावर मीच विसरले.

आमच्या गटाचं पापडाचं काम आहे. दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर होती. एक बाई रोज तासभर उशिरा यायची. एके दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जमत नसेल तर सांग, दुसरी बघते." ती काही बोलली नाही. खाली मान घालून लाट्या करत बसली. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं आवरून ही पोळपाटाशी यायची. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. गटातल्या बाकी सगळ्या जणींना हे ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्याशी बोलायची त्यांना भीती वाटत होती. माझ्या खुर्चीपर्यंत बातमीच येत नव्हती.

पुढच्या बैठकीत मी तिची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. बोलले होते सगळ्यांसमोर, मग माफी एकटीत कशी मागायची? तिला दुपारचं पॅकिंगचं काम दिलं. ती परत आली, पण मोकळेपणानं बोलायला तिला बरेच महिने लागले. तोंडातून गेलेला शब्द लगेच भरून येत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाई आठवा. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं या बायका शिकल्या, कामाला लागल्या, छापखानासुद्धा चालवू लागल्या. रमाबाई संस्कृतच्या पंडिता. पण बायबलचं भाषांतर त्यांनी केलं ते साध्या बाईला कळेल अशा मराठीत. इतकी विद्वान बाई, पण स्वतः खाली उतरली आणि दुसरीला वर घेतलं.

मग आपल्या गटात काय करायचं? मी तीन गोष्टी धरल्या आहेत.

पहिली, हिशोब आधी त्या बाईला समजावायचा जिला वाचता येत नाही. तिला कळला की सगळ्यांना कळला. बँकेत कर्जाचे पैसे आले, तर ही बातमीही तिला सगळ्यांबरोबर, त्याच दिवशी कळली पाहिजे.

दुसरी, हप्ता चुकला किंवा उशीर झाला, तर आधी घरी जाऊन विचारायचं, मग बोलायचं. नियम सगळ्यांना सारखाच, पण कारण न ऐकता दंड लावायचा नाही.

तिसरी, नको वाटणारं काम अध्यक्षानंही पाळीनं करायचं. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते. आम्ही पिठाचे डबे घासतो, खोली झाडतो. त्या वेळी शेजारी बसलेली बाई जे बोलते, ते बैठकीत कधीच बोलत नाही.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढंच बघा: आपल्या गटात सगळ्यात मागे, दाराशी कोण बसते? त्या दिवशी तिच्याशेजारी बसा आणि तिला आधी बोलू द्या.

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. नमस्कार.