मुरूम गेला कुठं? : चारशे फूट वाटेची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना 'म्हणजे' आणि 'ते आपलं' फार झालं होतं, तेवढं छाटलंय. बाकी जसंच्या तसं.)

कानात हेडफोन असतील, कोण बसमध्ये असेल, कोण गोठ्यात धार काढत असेल. आजचा विषय ऐकून हसू नका. आज मी मातीवर बोलणार आहे. नीट सांगायचं तर डांबरी रस्त्यापासून आमच्या वस्तीपर्यंतच्या चारशे फुटांच्या कच्च्या वाटेवर.

आमची वस्ती वाळवा तालुक्यात, मळ्यात. चहूबाजूंनी ऊस. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या एका रात्री आजी मोरीत पाय घसरून पडली. १०८ ला फोन केला, गाडी वेळेत आली. पण डांबरीवरच थांबली. ड्रायव्हरदादांनी हेडलाईट आमच्या वाटेवर टाकला, खाली उतरून दोन पावलं चालून बघितलं आणि म्हणाले, "आत घातली तर ती पण निघायची न्हाई." बरोबरच होतं त्यांचं. मग आजीला बाजेवर घातलं आणि चौघांनी चारशे फूट उचलून नेलं. गुडघ्याखाली चिखल. पप्पांची एक चप्पल त्यात रुतली, ती दिवाळीनंतर नांगराला लागली. आजी आता बरी आहे, काठी घेऊन चालते, आणि हा भाग रेकॉर्ड करताना शेजारच्या खोलीत मालिका बघत बसली आहे.

पण मला लागलेली गोष्ट वेगळी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मी त्या वाटेवर पंधरा ब्रास मुरूम टाकला होता! माझ्या पगारातून. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट रुंद, चारशे फूट लांब वाटेवर पंधरा ब्रास म्हणजे साडेचार इंचांचा थर. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला होता. तीन महिन्यांत तो मुरूम दिसेनासा झाला. चोरीला गेला नव्हता. खाली गेला होता.

माझं चुकलं कुठं, तर मी मामाच्या गावावरून अंदाज बांधला. आजोळ माण तालुक्यात, सातारा जिल्ह्यात. तिकडं माळरान. वीतभर माती खरवडली की खाली मुरूमच. मामाच्या दारात जेसीबीनं नुसतं बकेट फिरवलं, दगड बाजूला सारले, झाला रस्ता. पाऊसही बेताचा, माण-आटपाडीकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो, तो भाग सोडा. सांगायचं एवढंच की मामाच्या रस्त्याला पाया आयता मिळाला होता. आमच्याकडं कृष्णाकाठची काळी माती. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उसाला सोनं, रस्त्याला वैरी. ओल्या काळ्या मातीवर मुरूम टाकला आणि त्यावरून ट्रॅक्टर गेला की मुरूम खाली दबतो आणि चिखल वर येतो. भातावर साबुदाणा टाकून चमच्यानं दाबल्यासारखं. (ही उपमा आईची. तिला मी विचारलं होतं, सोपं करून कसं सांगू.)

तर दुसऱ्या उन्हाळ्यात मामानं एका माणसाला पाठवलं. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. १९७२ च्या दुष्काळात माण-खटावकडं रस्त्याची, पाझर तलावांची कामं निघाली होती. हजारो बायामाणसं खडी फोडायला बसायची. आप्पा तेव्हा अठरा वर्षांचे, मुकादमाच्या हाताखाली टेप धरायला होते. पुढं आयुष्यभर रस्त्याच्याच कामावर राहिले.

मला वाटलं, आप्पा येतील, जेसीबी बोलावतील, दोन दिवसांत काम संपेल. आप्पा आले, चहा प्याले, वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले आणि मला विचारलं, "पाणी कुठनं येतंय आन् कुठं जातंय?"

मी म्हणलं, "आप्पा, मे महिना आहे. पाणी कुठलं?"

"मग मोटार चालू कर."

खरंच मोटार चालू करायला लावली. वस्तीजवळच्या वरच्या अंगाला पाणी सोडलं आणि आम्ही त्याच्या मागं मागं चालत गेलो. यूट्यूबवर मी 'रस्ता कसा करायचा' याचे कितीतरी व्हिडिओ बघितले होते, हे कुणीच करताना बघितलं नव्हतं. पाणी वाटेच्या कडेनं अडीचशे फूट सरळ गेलं आणि एका खोलगट जागी आडवं वळून वाटेवरच साचलं. बरोबर तिथंच बाजेच्या रात्री आमचे पाय सगळ्यात खोल गेले होते.

आता त्या खोलगट जागेच्या वरच्या बाजूला तात्यांचा ऊस आहे. तात्या म्हणजे माझे चुलते. वर्षभर त्यांचं आणि आमचं बोलणं बंद होतं. त्यांचं म्हणणं, तुमच्या मुरमानं बांध झाला, माझ्या उसात पाणी तुंबलं. आमचं म्हणणं, तुमचंच पाणी आमच्या वाटेवर येतं. मी तर तहसीलमध्ये अर्ज करायच्या तयारीत होतो. कायदाही वाचून ठेवला होता, आणि तो तुम्हीही ठाऊक ठेवा. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम ५. शेताचा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. गंमत म्हणजे त्याच कलमात शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवण्याबद्दलही आहे. वाट आणि पाणी, एकाच कलमात. दावा अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. वाट मुळात नाहीच आणि बांधावरून नवी हवी असेल तर तो विषय वेगळा, जमीन महसूल संहितेचं कलम १४३.

गावचा नकाशाही काढून आणला होता. त्यात गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा फुटांपासून पुढं, पायमार्गाची सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात ना? जुनी मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. तिची निम्मी साडेसोळा, पाव सव्वाआठ. आणि तेहेतीस गुणिले तेहेतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, आपला एक गुंठा.

तर मी हा नकाशा ओसरीत पसरून आप्पांना दाखवत होतो, तात्यांनी कसं पाणी आमच्यावर काढलंय ते तावातावानं सांगत होतो, आणि आतनं आजी म्हणाली, "आरं, तिथं चर हुता की. तुझ्या आज्ज्यानं खणल्याला. वाटंच्या खालनं फरशी टाकून पाणी पलीकडं वड्याला जायाचं."

मी विचारलं, "मग तो चर गेला कुठं?"

आजी काही बोलली नाही. पप्पा उठून बाहेर गेले. नंतर त्यांनीच सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी दोन सऱ्या वाढवायच्या म्हणून त्यांनी चर बुजवला होता, फरशीही उचलून गोठ्यात वापरली. ती फरशी अजून आहे, म्हशीच्या पायाखाली.

त्या संध्याकाळी पप्पा एकटेच तात्यांकडं गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. तास-दीड तासानं दोघं एकत्र चालत आले आणि तात्या आप्पांना म्हणाले, "पाईप केवढ्याचा टाकायचा?" एवढंच.

आता कामाचं. ज्यांना करायचंय त्यांनी हा भाग परत ऐका.

जेसीबीवाला पोरगा आला आणि त्यानं पहिल्याच झटक्यात फूटभर खोल खणायला बकेट लावलं. सगळे असंच करतात, खणायचं आणि मुरमानं भरायचं. आप्पा ओरडले, "हौद करतुयास का रस्ता?" काळ्या मातीत खड्डा घेऊन मुरूम भरला की पाणी आत शिरतं पण बाहेर पडायला जागाच नसते. म्हणून आम्ही फक्त वरचे तीन-चार इंच खरवडले. गवत, उसाची मुळं, गेल्या वर्षीची मुरूम-चिखलाची खिचडी. ती माती उसात टाकली. मग दोन्ही कडेला दीड फूट खोल चर काढले. म्हणजे रस्ता वर, पाणी खाली.

मग उतार. खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घेतली. दोन माणसं, नळीत पाणी, दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच. फोनमधलं लेव्हलचं ॲप मी दाखवलं तर आप्पांनी ते खुंटीवर ठेवून बघितलं आणि परत खिशात घाल म्हणाले. घरापासून डांबरीपर्यंत चार फुटांचा उतार निघाला, शंभराला एक, म्हणजे चरातलं पाणी वाहायला पुरेसा. आडवा उतार आम्ही केला. वाटेचा मध्य कडेपेक्षा अडीच इंच उंच. दहा फुटी वाटेला एवढा लागतोच, नाहीतर पाणी चाकोरीत थांबतं. आणि हा फुगीर आकार खालच्या मातीलाच द्यायचा, वरच्या मुरमाला नाही. खालची माती सपाट राहिली तर मुरमातनं झिरपलेलं पाणी तिथंच मुक्काम करतं.

गावात आपण सहज म्हणतो ना, 'डब्ल्यूबीएम रस्ता झाला'? त्यातला 'एम' म्हणजे मॅकॅडम, जॉन मॅकॅडम नावाचा स्कॉटिश माणूस. दोनशे वर्षांपूर्वी त्याचं म्हणणं हेच होतं की वजन शेवटी खालची मातीच पेलते, तिला कोरडी ठेवा. आप्पांनी त्याचं नाव ऐकलेलं नाही.

मधेच वळीव आला. मी कपाळाला हात लावला, आप्पा खूश झाले. दोन दिवस थांबून, माती जरा दमट असताना रोलर फिरवला. काळी माती कोरडी ठणठणीत असली की दबत नाही, ओली असली की रोलरला चिकटते.

खोलगट जागेत दीड फूट व्यासाचा सिमेंटचा पाईप टाकला, अडीच मीटरचे दोन तुकडे. मी नऊ इंची म्हणत होतो, स्वस्त पडतो. तात्या म्हणाले, उसाचं पाचट आलं की नऊ इंची तुंबणार, त्यात हातही जात नाही. पाईपाला थोडा उतार, वर फूटभर तरी भराव. त्यासाठी तिथं वाट थोडी चढवली, आणि त्या साठेक फुटांत मुरमाखाली दगडी सोलिंग केलं.

मुरूम घेताना एक बघा. मूठभर घ्या, पाणी घालून चोळा. नुसता चिखल झाला तर तो मुरूम नाही, तांबडी माती आहे. नुसते खडे राहिले तर तोही बसणार नाही. खडे हवेत आणि त्यांना धरून ठेवणारी थोडी चिकटही हवी. आणि मुरूम गौण खनिज आहे. कुठून उचललाय, परवानगी आहे का, पावती आहे का, हे विचारा. रात्री स्वस्तात ट्रॉली आणून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आम्हाला पंचवीस ब्रास लागला, दाबून सहा इंच राहील या हिशोबानं. एकदम ओतला नाही. दोन थरांत. पसरायचा, पाणी मारायचं, मुठीत गोळा होईल पण हात ओला होणार नाही इतकंच. मग रोलर, तोही कडेकडून मध्याकडं. मधून सुरुवात केली तर मुरूम कडेला पळतो आणि फुगीर आकार जातो.

खर्च विचारू नका, जेसीबीचा तासाचा दर तालुक्यागणिक बदलतो. वाट सार्वजनिक पाणंद असेल तर स्वतःचे पैसे घालण्याआधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली होती, रोजगार हमीच्या जोडीनं. आमची वाट खासगी, म्हणून खिशातनं.

त्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीला आम्ही सगळे ओसरीत उभे होतो. पाईपातनं पाणी गढूळ, फेसाळ पडत होतं. पप्पा छत्री न घेताच बघायला गेले. पलीकडनं तात्याही आले होते, डोक्यावर खताचं पोतं घेऊन. नोव्हेंबरात त्यांच्या उसाच्या दोन ट्रॉल्या आमच्याच वाटेनं भरून गेल्या. चाकोरी उमटली, इंचभर. ट्रॅक्टरला फळी लावून ती मारून घेतली. दरवर्षी पावसाळ्याआधी चर साफ करायचे आणि फळी मारायची, हे काम तात्यांनी स्वतःहून घेतलंय. बदल्यात ट्रॉल्या याच वाटेनं.

पुढच्या भागात मोजणीबद्दल बोलू, बऱ्याच जणांचे मेसेज आलेत. तोवर तुमच्याकडं जोराचा पाऊस झाला तर छत्री घेऊन बाहेर पडा, तुमच्या वाटेवर पाणी कुठनं येतंय आणि कुठं थांबतंय त्याचा व्हिडिओ काढा. मला पाठवा, मी आप्पांना दाखवतो. फोन आडवा धरून काढा बरं का, उभ्या व्हिडिओत त्यांना उतार कळत नाही.