'इन' कुठे गेला?

राजूर म्हटले की आमच्या वणी तालुक्यातल्या माणसाला कोळशाची खदान आणि चुन्याच्या भट्ट्या आठवतात. काही वर्षांपूर्वी तिथला एक मुलगा इंग्रजी अर्ज तपासून घ्यायला माझ्याकडे आला. नोकरीचा अर्ज, तोही आयुष्यातला पहिला. त्यात वडिलांविषयी लिहिले होते, 'द माइन विच माय फादर वर्क्स'. मला हसू आले आणि तो ओशाळला. इंग्रजीत 'वर्क अ माइन' म्हणजे खाण चालवणे, तिच्यातून माल काढणे. एक 'इन' गळला आणि खदानीतला कामगार खदान चालवणारा झाला! अर्ज वाचणाऱ्या साहेबाने काय समजायचे?

खरे तर त्याने मराठीच इंग्रजीत उतरवली होती. आपण सहज म्हणतो, 'बाबा काम करतात ती खदान'. 'खदानीत'मधला 'त' यात कुठेच नाही, तरी कुणाचे अडत नाही. 'मी बसलो ती खुर्ची', 'आपण वाट पाहतो ती बस'. ऐकणारा उरलेले मनात भरून घेतो. 'ज्या खदानीत बाबा काम करतात' असे म्हटले, तरच तो 'त' परत येतो.

इंग्रजीत ही सूट नाही. क्रियापदाचा जोडीदार वाक्यात कुठेतरी दिसलाच पाहिजे. एक तर 'विच'च्या आधी, म्हणजे 'इन विच माय फादर वर्क्स'. नाहीतर अगदी शेवटी, 'विच माय फादर वर्क्स इन'. पहिले अर्जात शोभते, दुसरे बोलण्यात. 'विच' गाळले किंवा त्याच्या जागी 'दॅट' घातले, तर मात्र 'इन' शेवटीच जातो.

शेवटी असा शब्द ठेवणे अशुद्ध, असे आम्ही शाळेत शिकलो. ही समजूत फार जुनी आहे. १६७२ साली ड्रायडन या कवीने बेन जॉन्सनच्या लेखनात हाच दोष काढला होता. पुढे १९२६ मध्ये फाउलर या व्याकरणकाराने ती अंधश्रद्धा ठरवली. आमच्या फळ्यापर्यंत ती बातमी पोचली नव्हती, एवढेच. उलट कधी कधी जोडीदार पुढे ओढला की वाक्य हास्यास्पद होते. 'द चाइल्ड शी लुक्स आफ्टर' ठीक; त्यातला 'आफ्टर' आधी नेऊन पाहा, इंग्रज माणूसही अडखळेल.

मुलाने अर्ज सुधारून आणला. आता होते, 'इन विच माय फादर वर्क्स इन'. दोन्हीकडून कुलूप! मी त्याला म्हटले, ''अरे, आधी साधे वाक्य कर. माय फादर वर्क्स इन द माइन. यात 'इन' किती? एक. मग तिकडेही एकच.'' हीच कसोटी उलटही लागते. आपण रेडिओ नुसता ऐकतो, इंग्रज 'लिसन टू' करतो; म्हणून 'द रेडिओ वुई लिसन टू'. आपण मुलीशी लग्न करतो. 'मॅरी'ला मात्र 'विथ' लागत नाही, म्हणून 'द गर्ल ही मॅरीड', संपले.

जाता जाता त्याने विचारले, ''सर, 'इन'च्या जागी 'ॲट' चालेल?''

मी म्हटले, ''चालेल. पण बाबा खाली उतरतात की वर ऑफिसात असतात?''

''खाली उतरतात, सर. या आठवड्यात रात्रपाळी आहे.''

मग आम्ही 'इन'च ठेवला.