सालोमालोची कीव



मुलामुलींनो, पदवीदान समारंभात थोरामोठ्यांचे दाखले द्यायची रीत आहे. मी मात्र एका चोराबद्दल बोलणार आहे.

1936 साली प्रभात फिल्म कंपनीनं ‘संत तुकाराम’ काढला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचं, तुकोबा विष्णुपंत पागनीस. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. गौरीबाईंची जिजाई पाहून आजही पोटात कालवतं. घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठलापायी वेडा, ती चिडणार नाही तर काय करणार? पण माझ्या डोक्यातून जात नाही तो सालोमालो.

सुरुवातच पाहा. तुकोबा एक अभंग तल्लीन होऊन म्हणतात. लगेच देवळात तोच अभंग सालोमालो गायकी थाटात, मानेला झटके देत म्हणतो आणि स्वतःचा म्हणून खपवतो. अभंगाची चोरी तशी सोपी. शेवटच्या चरणात कवीचं नाव असतं, तेवढं बदललं की काम झालं. तुमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते तुकडोजी महाराजही असंच भजनात आपलं नाव गुंफत. सालोमालो सिनेमावाल्यांनी हवेतून काढला नाही. खुद्द गाथेत तुकोबांनी त्याच्या नावानं तक्रार केली आहे.

मला त्याची कीव येते. त्याला कविता कळत नाही असं थोडंच आहे? कळते, म्हणून तर तो नेमका तुकोबांवरच हात मारतो. चांगलं काय ते ओळखता येतं, पण आपल्या हातून ते उतरत नाही, हे दुःख लहान नाही. आदल्या रात्री मोबाइलवरून प्रोजेक्ट उतरवून काढणाऱ्यांना ते थोडंफार ठाऊक असेल. मागच्या रांगेत हसू नका.

पण कीव तिथवरच. पुढे तोच गडी तुकोबांनीच आपलं काव्य चोरलं असा कांगावा करतो, पंडित रामेश्वरशास्त्र्यांचे कान भरतो, आणि तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत जातात. चोरीचा माल पचवायचा तर मूळ धनी नाहीसा व्हावा लागतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणून आपण हसतो. त्या बोंबांपायी तुकोबा नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले.

संशोधनाकडे जाल तेव्हा अशा चोरीबद्दलची विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची नियमावली आडवी येईल. प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य माफ, 60 च्या वर गेलं की नोंदणी रद्द. संगणक टक्के मोजतो. ज्याचं उचललं त्याचं पुढे काय झालं, ते तो विचारत नाही.

गंमत म्हणजे याच सिनेमात उलटा प्रकारही घडला. शांताराम आठवले या तरुण गीतकारानं तुकोबांच्या वळणाचा एक अभंग नव्यानं लिहिला, बीज आणि अंकुराचा. तो इतका बेमालूम उतरला की जाणकारसुद्धा तो गाथेत शोधत बसले, असं सांगतात. अजूनही पुष्कळजण तो तुकोबांचाच समजतात. इथं चोरी कुणीच केली नाही, तरी कवीचं नाव गेलंच.

तुमच्या गावच्या भजनात तो अभंग निघाला, तर म्हणून झाल्यावर एवढं करा: शांताराम आठवल्यांचं नाव घ्या.