यंत्रे येतात, विद्या रुजवावी लागते
(लालबाग येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)

परदेशी तंत्रज्ञानाचा प्रश्न लालबागला नवा नाही. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला गेला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या गिरण्यांत यंत्रे लँकेशायरहून आली आणि ती चालवून दाखवणारे जाणकारही तेथूनच आले. घाम तेवढा कोकणचा आणि घाटावरचा होता. यंत्र विकणाऱ्याला गिऱ्हाईक हवे होते, शिष्य नको होता. १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तेव्हा कोठे गिरणीचे शास्त्र येथेच शिकण्याची सोय झाली.

स्वातंत्र्यानंतरचे सहकार्य निराळ्या पायावर उभे राहिले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेला युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाचे साहाय्य मिळाले. तिचे पहिले वर्ग पवईला भरले नाहीत. जुलै १९५८ मध्ये ते वरळीला, सस्मिराच्या इमारतीत, म्हणजे गिरणगावातच भरले. विद्यार्थी होते १००. १९५६ ते १९७३ या काळात सोव्हिएत संघातून ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ आले, तर २७ अधिछात्रवृत्त्यांवर भारतीय अध्यापक तेथे शिकून आले. या आकड्यांत सर्वांत मोलाचा आकडा २७ चा आहे. आलेले तज्ज्ञ परत जातात, आणलेली यंत्रे जुनी होतात. तयार झालेला अध्यापक मात्र पुढच्या पिढ्या घडवतो.

देणाऱ्यांचे राजकारण नव्हते, असे नाही. मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन अशी शीतयुद्धाची चढाओढच होती. भारताने साहाय्य सर्वांकडून घेतले. परंतु १९६१ च्या कायद्याने या संस्थांचा कारभार आपल्या संसदेच्या अधिकारात ठेवला. स्वावलंबी सहकार्य म्हणतात ते हेच.

तथापि विद्या कोणाच्या उपयोगी पडली, हा दुसरा प्रश्न उरतो. मुंबईच्या याच संस्थेतील प्रा. सुहास सुखात्मे यांनी १९७३ ते १९७७ मधील पदवीधरांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ३१ टक्के परदेशी स्थायिक झाल्याचे आढळले. इकडे गिरण्यांतील यंत्रे जीर्ण होत होती आणि बहुतेक मालक नफा त्यांत घालायला तयार नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, ते वेतन आणि बोनससाठी. संपानंतर अनेकांना कामावर परत घेतले गेले नाही; पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. पवईची विद्या आणि परळची गिरणी एकाच शहरात असून एकमेकींना परक्या राहिल्या. दोष विद्येचा नव्हे. तिला श्रमिकाच्या दारापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेचा तो अभाव होता.

आज भारत स्वतः देणाऱ्यांच्या पंक्तीत बसला आहे. १९६४ पासून तो इतर विकसनशील राष्ट्रांतील लोकांना तांत्रिक प्रशिक्षण देत आला आहे. २०२३ मध्ये मद्रासच्या संस्थेने टांझानियातील झांझिबारला आपली शाखा काढली. अशा वेळी भारताने लँकेशायरचा कित्ता गिरवू नये. तेथील अध्यापक तेथेच तयार व्हावेत, कारभार त्यांच्या हाती जावा, आणि तेथील गोदीकामगाराच्या व शेतमजुराच्या मुलाला वर्गात जागा मिळावी. हीच मागणी लालबागच्या मुलांसाठी पवईच्या दाराशीही केली पाहिजे. घरात जे नाकारले, ते परदेशात वाटण्याला सहकार्य म्हणता येणार नाही.